हिशेब मागितला तर प्रीती कमी पडते का?

सलाम ताई,

मी इंदूरची. माहेर नगरकडचं, लग्न होऊन इकडे आले. आमच्या चर्चच्या मंडळीत उपासना हिंदीत होते, पण महिला मंडळात मराठी बायका बऱ्याच आहोत. नाताळच्या प्रीतिभोजनासाठी आम्ही घरटी 500 रुपये काढले, चाळीस घरांनी दिले. पैसे आमच्या खजिनदार बहिणीकडे होते. कोंबडीचा रस्सा, पुऱ्या, पुलाव, गुलाबजाम, जेवण छान झालं, दीडशे माणसं जेवली. पण फेब्रुवारी संपत आला तरी हिशेब नाही. विचारलं तर म्हणते, "देते की ताई, पळून चाललेय का मी?" मधेच तिच्या दारात नवी स्कूटी आली आणि बायकांची कुजबुज सुरू झाली. मीही एकदा जाऊबाईंपाशी बोलून बसले. त्यातच आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी सियागंज बाजारात समोरून गेल्या आणि मला बघूनही सलाम न करता पुढे निघून गेल्या. गेल्या रविवारी चर्चमध्ये संदेश होता की प्रीती अपकार स्मरत नाही, सर्व काही खरे मानण्यास सिद्ध असते. तेव्हापासून टोचणी लागली आहे. ख्रिस्ती माणसानं दुसऱ्याबद्दल वाईट मनात आणू नये हे कळतं. मग माझी शंका हे पाप आहे का? गप्प बसू, की हिशेब मागू?

एक बहीण, इंदूर

सलाम ताई,

ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे इंदूरकरांना शिकवायची माझी छाती नाही. 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढलेलं तुमचं शहर. पण तुमच्या पत्रात मात्र दोन तक्रारी एकाच डब्यात पडल्यात, एक सियागंजातली आणि एक प्रीतिभोजनाची. आधी त्या वेगळ्या करू.

सियागंजातलीचा निकाल लगेच लागतो. तिथली गर्दी तुम्हाला ठाऊक आहे. पोत्यांची चढउतार, हातगाड्या, मागून हॉर्न. हातात किराण्याची यादी आणि डोक्यात पाळकाच्या घरी रोज येऊन बसणारी दुसऱ्यांची आजारपणं, भांडणं, मयती. बाईंची नजर तुमच्यावर असेल, लक्ष नसेल. आणि समजा लक्षही होतं, मुद्दामच बोलल्या नाहीत, तरी नुकसान कुणाचं झालं? तुमच्या मानाचं. तो तुमचा स्वतःचा आहे, सोडून द्यायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. येत्या रविवारी तुम्हीच आधी सलाम करा आणि "त्या दिवशी ओळख दिली नाहीत" हे चुकूनही काढू नका. यावर मी आणखी शाई घालवत नाही.

प्रीतिभोजनाचं तसं नाही. चाळीस घरांचे 500 म्हणजे 20,000 रुपये, आणि त्यातले तुमचे फक्त 500. उरलेल्या 39 घरांत एखादी अशी असेल जिनं चार घरची पोळ्या-भांडी करून ते पैसे काढले. तिच्या वाटचं "जाऊ दे, प्रभू बघून घेईल" तुम्ही कसं म्हणणार? आपल्या पदरचं सोडणं हा मनाचा मोठेपणा. दुसरीच्या पदरचं सोडून मोठेपणा मिरवायला काहीच पडत नाही. आपल्या मंडळ्यांत या दोन्हींची फार गल्लत होते. पैशाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास पौलाच्या पहिल्या करिंथकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढतं, तुमच्या रविवारच्या संदेशातला तोच, आणि बहुधा ज्याच्याकडे हिशेबाची वही असते तोच काढतो. तुमच्या पाळकांचा रोख तिकडे असेल असं मला वाटत नाही. त्यांच्याही बाबतीत चांगलाच अर्थ लावू. पण त्याच अध्यायात, त्याच दमात पौल असंही लिहितो की प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यासंबंधी आनंद मानते. सत्याचा आनंद मानायचा तर ते आधी कळायला हवं, आणि कळायला विचारावं लागतं.

तेव्हा माझं उत्तर सरळ आहे. हिशेब मागा.

शंका हे पाप का, असं तुम्ही विचारलंय. मनात येणाऱ्याला कोण दार लावणार? दोन महिने हिशेब नाही म्हटल्यावर शंका आली नसती तर मला तुमचीच काळजी वाटली असती. पण आलेल्या शंकेला घरात बसवून चहापाणी करणं आपल्या हातात असतं. तुमच्या बाबतीत काय झालं बघा. तुम्ही एकदा विचारलंत, तिनं उडवून लावलं, तुम्ही भिडेपोटी गप्प झालात, आणि जे तिच्यापाशी बोलायचं राहिलं ते जाऊबाईंपाशी निघालं. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे ती संशयाचीही बहीण ठरली.

बायबलमध्ये दुसऱ्या शमुवेलात अम्मोनी राजा हानूनची गोष्ट आहे. त्याचा बाप नाहाश वारला तेव्हा दावीदानं समाचाराला माणसं पाठवली. हानूनच्या स्वतःच्या मनात काही नव्हतं. सरदार कानाला लागले, हे समाचाराला आलेत असं तुम्हाला खरंच वाटतं? हेर आहेत हेर. त्यानं आलेल्या माणसांना एका शब्दानं विचारलं नाही. त्यांच्या अर्ध्या दाढ्या भादरल्या, कपडे कमरेपाशी कापले आणि हाकलून दिलं. पुढे त्यातून लढाई पेटली. कुजबुजीतल्या बायकांना हा दहावा अध्याय एकदा वाचायला द्या, स्पष्टीकरण न देता.

आता हिशेब मागायचा कसा. तिच्याकडे जाण्याआधी घरी कागद-पेन घेऊन बसा. 20,000 रुपये, दीडशे पानं, म्हणजे माणशी 133 रुपये आणि वर काही पैसे. दीडशे माणसांना कोंबडी 30 किलोच्या खाली पुरत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. पुऱ्यांचं तेल, पुलावाचा तांदूळ, माणशी दोन गुलाबजाम, आचारी आणि त्याच्या हाताखालची दोन पोरं, भांडी-खुर्च्यांचं भाडं, सिलिंडर, पत्रावळ्या. इंदुरातले आजचे भाव घालून बेरीज करा. त्यातून फार काही उरलं असेल असं मला वाटत नाही. उलट तिनंच पदरचे हजार-दोन हजार घातले असतील ही शक्यता मला जास्त दिसते. आणि पदरचे घालणारी बाई हिशेब दाखवायला काचकूच करते, कारण दाखवला की "तुला कुणी सांगितलं होतं जास्तीचे गुलाबजाम मागवायला" हे ऐकावं लागतं. शिवाय चोइथराम मंडीतला कांदेवाला काही पावती देत नाही. आचाऱ्याच्या पोरांच्या हातावर ठेवलेल्या शंभर-शंभरची कुठली पावती? महिन्याभरानं आठवायला बसलं की बेरीज जुळत नाही. जुळत नाही म्हणून वही मिटून ठेवायची, आणि मिटून ठेवली की उरलंसुरलंही विसरायचं. खजिनदारकी केलेल्या कुणालाही विचारा.

राहिली स्कूटी. ती आज 80-90 हजारांच्या घरात जाते, जेवणातून उरलेल्या चिल्लरीत येत नाही. हां, 20,000 डाउन पेमेंटला पुरतात हे मलाही कळतं, आणि कुजबुजणाऱ्यांनाही कळलेलं असणार. पण मग दीडशे माणसं जेवली कशावर? दोन-चार हजारांचा घोळ असू शकतो, तो नाकारायचं कारण नाही. सगळे पैसे स्कूटीत गेले हे मात्र तुमच्याच पत्रावरून खोटं ठरतं. चांगला अर्थ लावायला डोळे मिटावे लागत नाहीत हे म्हणते मी. इथे तर तो बेरीज केल्यावर सापडला.

ही बेरीज घेऊन तिच्यापुढे बसायचं नाही बरं का. ती तुमच्या स्वतःच्या सुरासाठी आहे. विचारणाऱ्याचा सूर आधी ठरलेला असतो, शब्द नंतर येतात. शिलोच्या मंदिरात हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती, ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. दाराच्या खांबाशी बसलेल्या एली याजकानं तेवढंच बघितलं आणि ठरवलं की बाई प्यायलीय. "किती वेळ अशी नशेत राहणार?" वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पण त्याचा निकाल आधीच लागलेला आहे. चर्चच्या आवारात चार बायकांदेखत "स्कूटी कधी घेतलीस गं?" म्हणणं हे त्याच जातीचं. एलीच्या बाजूनं एक सांगायला हवं. मी दुःखी बाई आहे, परमेश्वरापुढे मन मोकळं करत होते, असं हन्नानं म्हटल्यावर त्यानं हुज्जत घातली नाही. शांतीनं जा म्हणाला आणि वर आशीर्वाद दिला. याजकाच्या गादीवरून इतक्या चटकन मागे फिरणारी माणसं विरळाच.

पण तुमच्या कामाची खरी गोष्ट यहोशवाच्या 22 व्या अध्यायात आहे, आणि ती संदेशात फारशी ऐकायला मिळत नाही. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश अशा अडीच वंशांना यार्देनपलीकडे वतन मिळालं होतं. त्यांनी नदीकाठी भली मोठी वेदी बांधली. परमेश्वराची एक वेदी असताना ही दुसरी कशाला? नदीअलीकडच्या वंशांनी अर्थ लावला की हे फुटले, आणि सगळं इस्राएल लढाईसाठी शिलोला जमलं. तलवार उपसण्याआधी मात्र त्यांनी फिनहास याजक आणि दहा सरदार विचारायला पाठवले. ही मंडळी काही गोड बोलली नाहीत, हा विश्वासघात कसला अशीच त्यांनी सुरुवात केली. पण पुढचं वाक्य वाचा. तुमचा देश तुम्हाला अशुद्ध वाटत असेल तर इकडे या, आमच्यात वतन घ्या. म्हणजे आपल्या जमिनीतला वाटा काढून द्यायच्या तयारीनं गेले होते. आणि उत्तर मिळालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ही वेदी होमासाठी नाहीच. उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना म्हणतील, तुमचा परमेश्वराशी काय संबंध, तेव्हा दाखवायला साक्ष असावी म्हणून बांधली. ज्यांना फुटीर ठरवलं होतं त्यांना आपण तोडले जाऊ याची धास्ती होती.

तर तुम्हीही काहीतरी द्यायच्या तयारीनं जा. रविवारी उपासनेनंतर नको, मंडळाच्या बैठकीत नको, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. मत्तय 18 मध्ये प्रभूनंही आधी दोघांतच बोलायला सांगितलंय. फोन करून एखाद्या दुपारी एकट्या तिच्या घरी जा. दारातली स्कूटी दिसेलच, रंग छान असेल तर छान म्हणा आणि तो विषय तिथेच सोडा. मग काहीसं असं बोला. "अगं, नाताळच्या जेवणाचे कागद पिशवीत पडले असतील तसेच काढ. आपण दोघी बसून वहीत उतरवू. पावती नसेल तिथे नुसतं लिहू, भाजी इतकी, आचारी इतका. आणि तुझ्या पदरचे गेले असतील तर मंडळाकडून परत घेऊ, तू का सोसायचे?" या शेवटच्या वाक्यासाठीच मी यहोशवा काढला. "हिशेब कधी देणार" याला तिच्याकडे उत्तर तयार आहे, तुम्ही ते एकदा ऐकलंय. या वाक्याला तयार उत्तर नसतं. ते बोलून झाल्यावर तुम्ही गप्प बसा, घाईनं पुढचं बोलू नका.

हा काही माझा शोध नाही. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपण नववी मोजतो, ल्यूथरच्या परंपरेतले आणि कॅथलिक लोक आठवी. 1529 च्या छोट्या प्रश्नोत्तरीत मार्टिन ल्यूथरनं तिचा अर्थ सांगताना लिहिलं की शेजाऱ्याबद्दल चांगलं बोलावं आणि त्याच्या सगळ्या गोष्टींचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा. इग्नेशियस लोयोला त्याच शतकातला, पण विरुद्ध, कॅथलिक गोटातला. त्याच्या साधनेच्या पुस्तिकेत सुरुवातीलाच जवळजवळ हाच सल्ला आहे, आणि पुढच्या पायऱ्याही आहेत. चांगला अर्थ लागत नसेल तर त्यालाच विचारा की तुझं म्हणणं काय, आणि तो चुकत असेल तर प्रेमानं सुधारा. एरवी ज्यांचं एकमेकांशी पटलं नसतं अशी ही दोन माणसं इथे शेजारी उभी आहेत.

ती दुखावेल आणि "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणेल ही भीती तुम्हाला असणारच. तसं झालं तर पौलाचं सांगा. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्यानं मंडळ्यांतून वर्गणी जमवली तेव्हा ते पैसे एकट्याच्या हाती ठेवले नाहीत. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ दिले, त्यातला एक तर मंडळ्यांनीच निवडलेला. दुसऱ्या करिंथच्या आठव्या अध्यायात कारणही दिलंय. एवढ्या मोठ्या देणगीबाबत आमच्यावर कुणी दोष ठेवू नये, आणि प्रभूच्याच काय, माणसांच्याही दृष्टीनं जे चांगलं ते व्हावं. पौलासारखा पौल, तो रुसून बसला नाही. योवाश राजाच्या वेळी मंदिराच्या दुरुस्तीसाठी ठेवलेली पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजत, हे दुसऱ्या राजांच्या बाराव्या अध्यायात आहे. आणि त्याच अध्यायात चार ओळींनंतर म्हटलंय की कामगारांना वाटण्यासाठी ज्यांच्या हाती पैसा देत त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीनं वागत. मोजणी दोघांनी केलेली होती म्हणून पुढचा भरवसा सोपा गेला, असं मी ते वाचते. तुमच्या मंडळात सगळे पैसे एकटीकडे असतात ही चूक तिची नाही, चाळीसही घरांची आहे.

दोनदा जाऊनही कागद हाती आले नाहीत, तर मत्तय 18 मधली पुढची पायरी आहेच. एक-दोघींना बरोबर घ्या, कुजबुजणाऱ्यांतल्या मात्र नकोत. त्यानंतर पाळकसाहेब आणि कमिटी. पैसे खरंच गेले असं निघालं तर ते गेले असंच म्हणायचं, तिथे संशयाचा फायदा द्यायला संशय उरलेला नसतो. क्षमा करा, तिच्या घरी जाणं-येणं ठेवा, पोरांच्या वाढदिवसाला जा. पेटीची किल्ली परत देऊ नका. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात बरेच लोक येशूच्या नावावर विश्वास ठेवतात, पण तो स्वतःला त्यांच्या हवाली करत नाही, कारण माणसाच्या आत काय असतं हे त्याला ठाऊक होतं. त्याची प्रीती कमी पडली असं कुणी म्हणत नाही. (आणि गोष्ट पैशाची नसती, कुणा लेकराला त्रास होतोय किंवा कुणाला मारहाण होतेय अशी असती, तर यातलं एक अक्षर मी लिहिलं नसतं. तिथे एकांतात समजावायला जायचं नाही. सरळ पोलिसांकडे जायचं, लेकरासाठी 1098 ला फोन करायचा.)

आता जाऊबाई. इंदुरात आपली माणसं मोजकी, पलासियात निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत महूला पोचते. म्हणून खजिनदार बाईकडे जायच्या आधी जाऊबाईंना फोन करा. "त्या दिवशी बोलले ते नीट माहीत नसताना बोलले, पुढे कुणाला सांगू नका," एवढं पुरे. हिशेब जुळला की पुन्हा फोन करा आणि तेही सांगा, आकड्यांसकट. वाईट बातमी आपण तिखटमीठ लावून पोचवतो, "सगळं ठीक निघालं" हे कळवायला मात्र कुणाला सवड नसते. खरं तर तुमच्या सगळ्या पत्रात मला चूक म्हणून दिसली ती ही एकच, आणि ती निस्तरायला दोन फोन लागतात.

हे सगळं ईस्टरच्या आधी उरका. ईस्टरच्या नाश्त्याची वर्गणी निघेलच. ती या वेळी दोघींनी मिळून मोजावी आणि पंधरा दिवसांत हिशेबाचा कागद सूचनाफलकावर लावावा असा ठराव मंडळात यायला हवा, आणि तो तिनंच मांडलेला बरा. कागद उतरवून झाले की त्याच दुपारी तिला सुचवून बघा. अनुमोदन तुम्ही द्या.